कॅमेऱ्याच्या डोळ्यातील कुसळ

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस यंदाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही "कॅमेऱ्यातील धूळ" असे उत्तर दिले. ते ऐकून चालकमंडळी क्षणभर स्तब्ध झाली. कामगार चळवळीतला माणूस बोलेल तर कंत्राटी पद्धतीवर बोलेल, नव्या कामगार संहितांवर बोलेल. धुळीवरच बोलावयाचे झाले तर ओतशाळेतील वाळूच्या धुळीने कामगाराच्या छातीची जी दशा होते तिच्यावर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. ती अपेक्षा रास्त आहे. छातीतली धूळ माणसाचा जीव घेते. कॅमेऱ्यातली धूळ कोणाचाही जीव घेत नाही. पण ही दुसरी धूळ साक्षीदाराच्या डोळ्यात जाऊन बसते आणि नसलेले ते दाखविते. साक्षीदार एकदा खोटा ठरला की त्याच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. हा धडा आम्ही पुस्तकात वाचलेला नाही. किंमत मोजून घेतलेला आहे. म्हणून आधी ती हकीकत सांगतो आणि मग धुळीकडे वळतो.

सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या युनियनने वर्गणी काढून एक जुना डिजिटल कॅमेरा विकत घेतला होता. ज्याची भिंगे काढता-घालता येतात आणि ज्यास लोक डीएसएलआर म्हणतात, त्या जातीचा. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील कपाटातली पुस्तके वाचून आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून. कॅमेराही तसाच पडत-धडपडत शिकलो. जिल्ह्यातील एका ओतशाळेत यंत्रांच्या फिरत्या पट्ट्यांवर संरक्षक जाळ्या नव्हत्या. आम्ही चाळीस फोटो काढले. ते निवडीत असता एका फोटोत छताखालच्या खांबावर एक बारीक, वाकडी, काळसर रेघ दिसली. खांबाला तडा गेला आहे! जाळ्यांपेक्षा हे प्रकरण मोठे, असे वाटून तक्रारीच्या अर्जात आम्ही तड्याचे कलम पहिले घातले आणि जाळ्यांचे दुसरे.

संयुक्त पाहणीच्या दिवशी शिडी लावण्यात आली. खांब साफ होता. मग व्यवस्थापनाच्या इंजिनिअरांनी आमचेच फोटो टेबलावर ओळीने मांडले. तीच रेघ, त्याच आकाराची, त्याच जागी, फाटकाबाहेरच्या आभाळात होती. कचेरीच्या भिंतीवर होती. एका फोटोत तर आमच्याच एका कार्यकर्त्याच्या गालावर होती. "यांच्या गालालाही तडा गेला आहे काय?" असे त्यांनी विचारले आणि सारे हसले. हसण्याचे दुःख नाही. पण त्या हशात जाळ्यांचे कलमही वाहून गेले. फेरतपासणी होऊन जाळ्या बसावयास आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत आमच्या एका सहकाऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटे पट्ट्यात गेली. डागामुळे बोटे गेली असे आम्ही म्हणणार नाही; जाळी नव्हती म्हणून गेली. परंतु जाळी आधी बसण्याची जी संधी होती, ती आमच्या अज्ञानाने घालविली, हे आम्ही स्वतःपासून लपवीत नाही.

ती रेघ म्हणजे काय होते? कॅमेऱ्याच्या आत शिरलेला, कपड्याचा की पुसण्याच्या फडक्याचा, एक तंतू. बस्स.

आता मुळापासून पाहू. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा तुकडा पुढे सरकत असे. एखादा कण एका तुकड्यावर पडला तर त्या तुकड्याबरोबर तो गुंडाळला जाई; पुढच्या फोटोला कोरी करकरीत फिल्म समोर येई. निगेटिव्हवर बसलेल्या धुळीने कागदावरील फोटोत पांढरे ठिपके उठत, आणि स्टुडिओतले कारागीर ते बारीक कुंचल्याने भरून काढीत. पण एका फोटोचा दोष सहसा दुसऱ्याच्या माथी बसत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात ही सोय नाही. तेथे फिल्मच्या जागी सेन्सर असतो, म्हणजे प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी सिलिकॉनची चकती. या विद्येचा एक मोठा टप्पा १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी गाठला, आणि त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. सेन्सर आयुष्यभर एकच. पहिला फोटो त्यावरच, पन्नास हजारावाही त्यावरच. म्हणून त्याच्यासमोर आलेला कण हलला नाही तर तो प्रत्येक फोटोत, त्याच जागी हजेरी लावतो. आमच्या चाळीस फोटोंत तो चाळीस वेळा हजर होता. आम्ही फक्त एकदा पाहिला.

बोलण्याच्या ओघात आपण "सेन्सरवरची धूळ" म्हणतो. पण खरे पाहता धूळ सेन्सरला शिवत नाही. सेन्सरच्या पुढे पातळ काचेचे आवरण बसविलेले असते. अवरक्त किरणांना अटकाव करणे आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत अतिसूक्ष्म रेषांमुळे उठणारी खोटी नक्षी दाबणे, ही त्या काचेची कामे. धूळ बसते ती या काचेवर. म्हणजे कॅमेऱ्याला कण दिसत नाही. कणाची सावली दिसते. हा भेद नुसत्या शब्दांचा नव्हे. पुढचा सारा उलगडा याच भेदावर उभा आहे.

घरी एक प्रयोग करून पाहा. रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात भिंतीपासून वीतभर अंतरावर, नळीला काटकोनात एक सुई धरा. भिंतीवर सावली जवळजवळ उमटत नाही. आता दिवा मालवा, दूर एक मेणबत्ती ठेवा आणि सुई तशीच धरा. सावली स्पष्ट दिसेल. सुई तीच, भिंत तीच; फरक उजेड येण्याच्या रुंदीत आहे. उजेड रुंद जागेतून आला की तो सुईच्या दोन्ही बाजूंनी आत शिरतो आणि सावली धुऊन टाकतो. अरुंद जागेतून आला की सावली ठसठशीत पडते.

कॅमेऱ्यात उजेडाची ही रुंदी अ‍ॅपर्चर ठरविते, म्हणजे भिंगाच्या आतले लहान-मोठे होणारे छिद्र. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की जो आकडा येतो, तो एफ-आकडा. ५० मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र २५ मिलिमीटर असेल तर एफ/२; तेच सुमारे ३ मिलिमीटर केले तर एफ/१६. आकडा मोठा तितके छिद्र लहान, हे नवशिक्याला उलटे वाटते, पण भागाकार ध्यानात ठेवला की घोटाळा होत नाही.

आता एक ठोकळ हिशेब मांडू. समजा, आवरणाच्या काचेचा वरचा पृष्ठभाग सेन्सरपासून १ मिलिमीटर दूर आहे आणि तिच्यावर ०.०३ मिलिमीटरचा एक कण बसला आहे. सेन्सरवरच्या एका बिंदूकडे येणारा उजेड हा शंकूच्या आकाराचा असतो, आणि काचेपाशी त्या शंकूची रुंदी म्हणजे अंतराला एफ-आकड्याने भागून येणारी संख्या. एफ/२ असता ती अर्धा मिलिमीटर भरते. त्या मानाने आपला कण इतका लहान की, तो शंकूतल्या उजेडाचा सुमारे २८० वा हिस्सा अडवितो. एवढी घट कोणाच्या डोळ्याला दिसणार? पण एफ/१६ केले की शंकूची रुंदी राहते ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. आता तोच कण जवळजवळ पाव हिस्सा उजेड अडवितो, आणि आभाळात काळा ठिपका उभा राहतो. धूळ वाढली नाही. छिद्र लहान झाले. जवळच्या यंत्रापासून दूरच्या खांबापर्यंत सारे रेखीव यावे म्हणून आम्ही त्या दिवशी एफ/१६ वर फोटो काढीत होतो. त्यापूर्वी सभांचे, मेळाव्यांचे फोटो एफ/४ वर काढीत आलो होतो, तेव्हा तोच तंतू मुकाट्याने तेथे बसलेला असणार. पण त्याला तोंड फुटले नव्हते.

इतके समजले की निदान सोपे होते. निदान आधी आणि उपचार मागाहून, हा क्रम आम्ही मुद्दाम सांगतो. आपल्याकडे म्हणच आहे, दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला. कॅमेऱ्याच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी ठरते. दोष एकीकडे आणि पुसापुसी भलतीकडेच चालू असते. डीएसएलआरच्या डोळा लावण्याच्या खिडकीतून ठिपका दिसतो पण फोटोत उमटत नाही, तर ती धूळ आतल्या आरशापाशी किंवा दृश्यपटलावर आहे. फोटोला तिचा उपद्रव नाही, तिला हात लावू नये. भिंगाच्या दर्शनी काचेवरची धूळही सहसा ठिपका होऊन उमटत नाही. फार झाली तर उजेडासमोर चित्र फिकट, पांढुरके दिसते. मात्र ठिपका फोटोत आहे, भिंग बदलले तरी जागा सोडीत नाही, छिद्र मोठे केले की विरतो आणि लहान केले की गडद होतो; तर तो सेन्सरपुढच्या काचेवरचाच.

याची रीतसर परीक्षा अशी. कॅमेऱ्याची संवेदनक्षमता सर्वांत कमी, म्हणजे बहुधा आयएसओ १००, ठेवावी. छिद्र एफ/१६ किंवा एफ/२२ करावे. निरभ्र आभाळाकडे, अर्थात सूर्य टाळून, किंवा पांढऱ्या भिंतीकडे रोखून, भिंग मुद्दाम अस्पष्ट करून फोटो घ्यावा. भिंतीचा घेत असल्यास शटर उघडे असताना कॅमेरा किंचित हलवावा, म्हणजे भिंतीचे पोपडे पुसट होतात आणि कॅमेऱ्यातले डाग मात्र जागच्या जागी राहतात. मग तो फोटो संगणकावर पूर्ण मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्याने पाहावा. कण कोठे शोधावा याचाही नियम आहे. भिंग प्रतिमा उलटी पाडते. म्हणून फोटोत वर दिसणारा डाग हा सेन्सरच्या खालच्या भागात असतो. डावे-उजवे मात्र, कॅमेरा सरळ धरून समोरून आत पाहिले असता, फोटोतल्याप्रमाणेच राहते. फोटोत डावीकडे वर, तर आत डावीकडे खाली.

निदान झाले, आता उपचार. येथे आमचा युनियनचा अनुभव कामी येतो. मागणी मान्य करून घ्यावयाची म्हणजे कोणी पहिल्याच दिवशी संप पुकारीत नाही. आधी निवेदन, मग वाटाघाटी, मग निदर्शने. संप सर्वांत शेवटी, कारण त्यात आपलेही नुकसान असते. धुळीशीही असेच पायरीपायरीने वागावे. खालच्या पायरीवर काम भागत असेल तर वर चढू नये.

पहिली पायरी कॅमेरा स्वतःच चढतो. २००३ साली ऑलिंपस कंपनीने ई-१ हा कॅमेरा काढला, त्यात सेन्सरपुढची काच माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या वेगाने थरथरवून धूळ झटकण्याची योजना होती. २००६ पासून कॅनन, सोनी, पेन्टॅक्स आदी कंपन्यांनीही आपापल्या परीने ही सोय केली. सतरंजी झटकावी तशी ही काच झटकली जाते, आणि खाली पडलेली धूळ पुन्हा उडू नये म्हणून पुष्कळ कॅमेऱ्यांत चिकट पट्टी ठेवलेली असते. कॅमेरा सुरू-बंद करताना हे आपोआप होते. यादीतून निवडून मुद्दामही करता येते. कोरडी, सुटी धूळ याने जाते; चिकटलेली जात नाही.

दुसरी पायरी रबरी फुग्याची, ज्यास ब्लोअर म्हणतात. घड्याळजी वापरतात त्याच जातीचा, पण मोठा. बॅटरी पूर्ण भरलेली असावी. डीएसएलआर असेल तर यादीतील सफाईचा पर्याय निवडून आरसा वर करावा आणि शटर उघडे ठेवावे. बॅटरी मध्येच संपली तर आरसा आणि शटर मिटते, आणि आत काही असेल तर नाजूक पडदा तुटतो. बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यांत भिंग काढताच सेन्सर समोर दिसतो. काहींत बंद करताना शटर मिटून घेण्याची सोय असते, त्या मिटलेल्या पडद्याला स्पर्श करू नये. कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करावे, फुग्याची नळी तोंडाच्या बाहेरच ठेवावी आणि आठ-दहा वेळा जोराने दाबावे. कण सुटला की आपल्याच वजनाने खाली पडतो. पुन्हा परीक्षेचा फोटो घ्यावा. बहुतेक वेळा काम येथेच संपते. आमचा तंतूही, ज्याने आम्हांस आठ महिने मागे ढकलले, तो अखेर फुग्याच्या पाच-सहा फुंकरांनी निघाला!

मात्र तोंडाने फुंकर कधीही घालू नये. आपण कितीही शुद्धीत असलो तरी फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात आणि कोरड्या धुळीच्या जागी वाळलेले डाग बसतात. डब्यात कोंडलेली हवा मिळते, तीही नको; डबा तिरपा होताच आतला द्रव उडून काचेवर पसरतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. तीत पाणीही असते आणि तेलही.

तिसरी पायरी ओल्या सफाईची. ती फुग्याने न हटणाऱ्या डागांपुरतीच. करोनाच्या साथीने "स्वॅब" हा शब्द घरोघर पोचला आहे; हाही तसाच, पण चपटा आणि निर्मळ वेष्टनात बंद केलेला. त्याची रुंदी सेन्सरच्या उंचीइतकी असावी. ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरला २४ मिलिमीटरचा, आणि ज्यास एपीएस-सी म्हणतात त्या लहान सेन्सरला १६ मिलिमीटरचा स्वॅब मिळतो. त्यावर सेन्सरसाठीच बनविलेल्या द्रवाचे दोन-तीन थेंब टाकावेत. ओथंबू देऊ नये. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच सरळ, हलका हात फिरवावा. स्वॅब उलटून दुसऱ्या बाजूने परत यावे. आणि टाकून द्यावा. येथे काटकसर महाग पडते, कारण वापरलेल्या स्वॅबवर आधी उचललेला कण असतो. पुष्कळ द्रवांत मिथेनॉल असते. ते विषारी आणि ज्वालाग्राही आहे. खिडक्या उघड्या ठेवाव्या, विडी-सिगारेट दूर ठेवावी, आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. दवाखान्यातले स्पिरिट, चष्मा पुसण्याचे पाणी, धोतराचा सोगा, यांपैकी काहीही त्या काचेला लावू नये.

एवढे बंधन का, असे कोणी विचारील. ओतशाळेत काम केलेल्याला उत्तर ठाऊक आहे. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे, कण असतात आणि ते साध्या काचेहून कठीण असतात. कोरड्या फडक्याने असा कण काचेवर घासला की धूळ जाते आणि ओरखडा राहतो. धुळीला औषध आहे; ओरखड्याला काच बदलण्यावाचून औषध नाही. म्हणून ज्याचा हात कापतो, किंवा ज्याचा कॅमेरा उसनवारीचा आहे, त्याने ही तिसरी पायरी स्वतः चढूच नये. सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाहीत. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जावे. देण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर परीक्षेचा फोटो काढून ठेवावा, आणि पावती मागून घ्यावी. यात अविश्वास नाही, व्यवहार आहे.

धूळ बाहेरूनच येते, अशी समजूत असेल तर तीही दुरुस्त करून घेऊ. भिंग बदलताना ती येते हे खरेच. पण आत-बाहेर होणारे झूम भिंग भात्यासारखी हवा ओढते, तिच्याबरोबरही येते. आणि शटरच्या हलत्या भागांतून झिजेचे कण आणि वंगणाचे शिंतोडे कॅमेऱ्याच्या आतूनच उडतात. याचे गाजलेले उदाहरण निकॉन कंपनीच्या डी६०० या कॅमेऱ्याचे. तो २०१२ साली बाजारात आला. देशोदेशींच्या ग्राहकांना नव्या कोऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोंत डाग दिसू लागले आणि तक्रारींचा ओघ सुरू झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने सूचना काढली ती फुग्याने सफाई करण्याची, आणि न जमल्यास सेवा केंद्रात नेण्याची. ऑक्टोबर २०१३ मध्ये डी६१० हा पुढचा कॅमेरा आला. तक्रारी थांबल्या नाहीत. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केले की, हमीची मुदत संपली असली तरी डी६०० ची तपासणी, सफाई आणि शटर व संबंधित भागांची बदली विनामूल्य करून दिली जाईल. मार्च २०१४ मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने हा प्रश्न ग्राहकदिनाच्या कार्यक्रमात मांडला.

या प्रकरणातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. पहिली, साफ करूनही डाग पुन्हा पुन्हा येत असतील, गोलसर असतील आणि फुग्याला दाद देत नसतील, तर ते वंगणाचे असण्याचा संभव आहे; तेथे स्वतःच्या निष्काळजीपणाला दोष देत बसण्याऐवजी यंत्राला जाब विचारावा. दुसरी, एकट्याची तक्रार "तुमच्याच हाताळण्याचा दोष" म्हणून परत येते. हजारांची तक्रार परत पाठविता येत नाही. युनियनच्या माणसाला हे नवे नाही, पण कॅमेऱ्याच्या दुकानातही तेच खरे आहे हे पाहून आम्हांस बरे वाटले.

उपचारापेक्षा पथ्य बरे. भिंग बदलताना कॅमेरा बंद करावा, तोंड खाली धरावे, वाऱ्याकडे पाठ करावी, घरात असल्यास पंखा थांबवावा. दुसरे भिंग आधी हाताशी ठेवावे, म्हणजे कॅमेरा उघडा राहत नाही. भिंगाच्या मागल्या बाजूवर आणि झाकणांच्या आत धूळ साचते आणि तीच पुढे आत जाते. ती झाकणे आणि पिशवी झटकावी. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल उधळला जात असताना, किंवा ओतशाळेत साचे फोडण्याचे काम चालू असताना, भिंग बदलण्याचा मोह धरू नये. घरून निघतानाच काय लागेल ते लावून निघावे. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे भिंग निघत नाही, म्हणून तेथे हा प्रश्न सहसा येत नाही. तेथे बाहेरची काच पुसली की बहुधा भागते. आणि एक: पूर्ण निर्धूळ कॅमेरा ही कविकल्पना आहे. आपण वापरतो त्या छिद्राला डाग दिसत नसेल तर सफाईच्या नादी लागू नये. सफाईच्या हौसेने बिघडलेले कॅमेरे धुळीने बिघडलेल्यांपेक्षा कमी नसावेत, असा आम्हांस दाट संशय आहे.

राहिला शेवटचा आणि आमच्या दृष्टीने मुख्य प्रश्न. संगणकावर डाग पुसता येतो. मग एवढी यातायात कशाला? लग्नाच्या फोटोतील आभाळावरचा ठिपका खुशाल पुसावा. त्यात कोणाची फसवणूक नाही. काही कॅमेरे कोऱ्या पृष्ठभागाचा एक फोटो घेऊन डागांचा नकाशा ठेवतात आणि संगणक त्या नकाशाबरहुकूम डाग भरून काढतो, तीही सोय चांगली. पण संगणक भरतो म्हणजे काय करतो? आजूबाजूचा रंग पाहून, तेथे काय असावे याचा अंदाज करतो. जो फोटो पुरावा म्हणून ठेवावयाचा, त्यात अंदाजाला जागा नाही. एक डाग पुसला हे सिद्ध झाले की आणखी काय काय पुसले, हा प्रश्न समोरचा विचारणारच, आणि त्याला तो विचारण्याचा हक्क आहे. पुराव्याच्या फोटोत डाग राहिला तरी चालेल. तो डाग आहे हे आपण आधी सांगितले पाहिजे. कॅमेरा स्वच्छ करावा. फोटो स्वच्छ करू नये.

शास्त्रज्ञांनी तर या डागांनाच साक्षीला बोलाविले आहे. २००८ साली डिरिक, सेन्कार आणि मेमन या संशोधकांनी दाखवून दिले की, सेन्सरवरील धुळीच्या डागांच्या मांडणीवरून फोटो कोणत्या डीएसएलआर कॅमेऱ्याने काढला हे ओळखण्यास मदत होते. बोटांच्या ठशांसारखाच हा प्रकार. आमच्या फजितीच्या दिवशी त्या इंजिनिअरांनी नकळत हीच पद्धत वापरली होती. चाळीसही फोटो एकाच कॅमेऱ्याचे आहेत, हे त्यांनी आमच्यापेक्षा आधी ओळखले.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, असे आपण इतरांना नेहमी ऐकवितो. आमच्या बाबतीत कुसळच होते, तेही आमच्याच डोळ्यात, आणि आम्ही ते कारखान्याच्या खांबावर पाहिले. त्या दिवसापासून आम्ही एक साधी रीत पाळतो, ती आपणही पाळावी. संशयास्पद वस्तूचा एकच फोटो घेऊ नये. कॅमेरा थोडा बाजूला वळवून लगेच दुसरा घ्यावा. दृश्याबरोबर सरकतो तो डाग दृश्यातला. चौकटीत जागच्या जागी राहतो तो कॅमेऱ्यातला. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. आम्ही ते केले असते तर अर्जात जाळ्यांचे कलम पहिले आणि एकमेव राहिले असते.

जाळ्या बसल्या. ज्या सहकाऱ्याची बोटे गेली तो आज युनियनचा कॅमेरा सांभाळतो. शटरचे बटण उजव्या हाताला असल्याने त्याला तो थोडा वेगळा धरावा लागतो, पण फोटो आमच्यापेक्षा नीट येतात. कोणत्याही पाहणीला गेला की फाटकातून आत जाण्यापूर्वी तो एफ/१६ वर पहिला फोटो आभाळाचा घेतो. तक्रार-अर्जाला जे फोटो जोडले जातात, त्यांत सर्वांत वर तो कोरा, निळा फोटो असतो.